पानिपतची उलटी वाट

मराठी माणूस 'पानिपत' हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गाव नसते. परीक्षेत पानिपत होते, निवडणुकीत होते, क्रिकेटच्या सामन्यातही होते. हे विशेषनाम आपल्या भाषेत केव्हाच सामान्यनाम झाले आहे. आणि सामान्यनामाला तहसील, पिके, पाणी, बाजारपेठ यांची गरज उरत नाही. कोणी भरवसा ठेवावयास सांगितले, की 'विश्वास तर पानिपतात गेला' असे म्हणून आपण मोकळे होतो. अठरा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूवर ही कोटी उभी आहे, याचे भान बोलणाऱ्यास क्वचितच असते.

'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचारही पुष्कळ जण त्याच दिवसाशी जोडतात. लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमीस, शके १६८२, बुधवारी. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. परंतु त्या काळी मकरसंक्रमण १४ जानेवारीस येत नसे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तो १८६३ साली १२ जानेवारीस झाला. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले, म्हणजे संक्रांत आणखी अगोदर येणार हे उघड आहे. युद्धाच्या दिवशी ती उलटून गेली होती. भाषेने मात्र दोन्ही गोष्टी एका दिवसावर आणून ठेवल्या, आणि पंचांगापेक्षा भाषेचेच चालले.

तौलनिक साहित्याच्या वर्गात मी 'वॉटर्लू' आणि 'पानिपत' ही जोडी अनेकदा वापरली आहे. इंग्रज वॉटर्लू म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या पराभवाविषयी बोलत असतो; शब्द जेत्याच्या भाषेतला आहे. मराठी भाषिक पानिपत म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या पराभवाला उपमान करतो. वर्गात हे विधान शोभून दिसते. पण त्या विधानातही पानिपत हे गाव नव्हतेच. गाव आहे, ते दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि तेथे सायकलने जाता येते, हे मला दिल्लीत राहावयास आल्यावर कोणीतरी सांगावे लागले.

गेली दीड वर्षे मी येथे अभ्यागत प्राध्यापक आहे आणि कस्तुरबा गांधी मार्गालगतच्या एका खोलीत राहते. पूर्वीचा हा कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या सरळ रस्त्यावर परभाषांनी आपापली बिऱ्हाडे थाटली आहेत : मॅक्समुल्लर भवन, अमेरिकन सेंटर, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत. २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आहे. सदनासमोरच्या चहाच्या टपरीवर दिल्लीतील मराठी मंडळी भेटतात. तेथेच या सफरीचा बेत ठरला. आम्ही नऊ जण होतो. लष्करातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे सुभेदारकाका हे म्होरके. केंद्र सरकारच्या खात्यात काम करणारे एक दांपत्य, एक बँक अधिकारी, एक परिचारिका, तीन संशोधक विद्यार्थी आणि मी. विद्यार्थ्यांपैकी दोघे मराठी. तिसरा कर्नाल जिल्ह्यातला, हिंदीत संशोधन करणारा. तो का येतो आहे, असे काकांनी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "काकाजी, मेरा तो घर है उधर." त्याच्याविषयी पुढे सांगायचे आहे.

जानेवारीत दाट धुके असते, म्हणून फेब्रुवारीचा पहिला आठवडा निवडला. पहिल्या दिवशी पानिपत, दुसऱ्या दिवशी कुंजपुरा करून पुन्हा पानिपत, तिसऱ्या दिवशी दिल्ली. तिन्ही दिवस नव्वदच्या आसपास.

पहाटे पाचला निघालो. काश्मिरी गेट मागे पडले, डावीकडे रिजचा काळोखा उंचवटा गेला. मुकरबा चौकात उजवीकडे बुराडीचा फाटा लागतो. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या त्याच घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यांचे अखेरचे उद्गार म्हणून जे वाक्य महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असते, ते चौकात दिव्यासाठी थांबलेले असताना आमच्यातल्या तिघांनी एकदमच म्हटले आणि मग तिघेही ओशाळले. त्याआधी आझादपूरजवळ बादलीच्या सराईचा परिसर ओलांडला होता. तेथे ८ जून १८५७ रोजी बंडवाल्यांची फळी मोडून इंग्रजी फौज दिल्लीकडे सरकली. पुढे सिंघूची सीमा, जेथे २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत शेतकरी ठाण मांडून बसले होते. दिल्लीवर येणारे आणि दिल्लीने अडवलेले, सगळे याच रस्त्याने आले. शेरशहाच्या सडकेचा आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ झाला आहे. आम्ही कडेच्या सेवामार्गाने चाललो होतो, आणि उड्डाणपुलांवरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर डोक्यावर अखंड चालू होती.

कुंडलीच्या पुढे घरे विरळ झाली आणि दोन्ही बाजूंस गहू आणि मोहरी दिसू लागली. मोहरी फुलावर होती. डोळ्यांना सुख देणारा हा देखावा पायांना मात्र त्रासदायक ठरतो, आणि त्याचे कारण काकांनी नेमके सांगितले. "मॅडम, इथं उतार नाही बघा. आपल्याकडं चढ जीव घेतो खरा, पण खंबाटकी चढून गेलं की पलीकडं पाय सोडून बसता येतं. इथं पायडल थांबलं की सायकल थांबली." हे ऐकताना मला मल्हारराव होळकरांची आठवण झाली. जड तोफखाना आणि बाजारबुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा त्यांचा आग्रह होता असे परंपरा सांगते. इतिहासाच्या पुस्तकात हा दोन युद्धपद्धतींचा वाद म्हणून येतो. सायकलवर बसल्यावर कळते की गनिमी काव्याला आडोसा लागतो, आणि या मुलखात आडोसा म्हणजे फार तर उसाचे शेत. एकही डोंगर नाही, खिंड नाही, जिच्यावर चढून मागे पाहावे अशी टेकडीही नाही. मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालेली माणसे ऑगस्टमध्ये दिल्लीत आली, ती अशा भूमीत आली होती. तिने त्यांना कोठेही श्वास घेऊ दिला नसणार.

गन्नौर आणि समालखा ही गावे दुपारी लागली. समालख्याच्या अलीकडे चहाला थांबलो असता बँकवाल्या गृहस्थांनी सहज विचारले, "भाऊंची छावणी कोणत्या बाजूला होती? आपण आता तिच्यात शिरलो का?" मी म्हणाले, "आपण अब्दालीच्या छावणीकडून चाललो आहोत." क्षणभर कोणी काही बोलले नाही.

नकाशा सर्वांनी शाळेत पाहिलेला असतो, आणि तरी मनातली दिशा बदलत नाही. अब्दाली उत्तरेचा, मराठे दक्षिणेचे. तेव्हा अब्दाली वर आणि मराठे खाली, असेच चित्र मनात घट्ट बसलेले असते. घडले ते उलट. पावसाळाभर फुगलेली यमुना दोन्ही सैन्यांच्या मध्ये होती. भाऊसाहेब तिच्या पश्चिम तीराने उत्तरेस सरकले आणि १७ ऑक्टोबर १७६० रोजी त्यांनी कुंजपुरा घेतला. तेथे अपार धान्य हाती आले. नदी उतरली नाही तोवर अब्दाली दुआबातून हा नाश पाहत राहिला. मग ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ, म्हणजे मराठ्यांच्या पाठीमागे, तो नदीत उतरला आणि सोनपतच्या बाजूस चढला. त्या एका हालचालीने काबूलचा बादशहा दिल्लीच्या बाजूला आला आणि पुण्याचे सैन्य पंजाबच्या बाजूला गेले. समालख्याशी चकमक झाली, पानिपतच्या भोवती खंदक खणला गेला, आणि पुढचे अडीच महिने मराठ्यांना आपल्या घराकडे तोंड करून शत्रूकडे पाहावे लागले. त्यामुळे दिल्लीहून पानिपतला जाणारा प्रत्येक मराठी यात्रेकरू, त्याची इच्छा असो वा नसो, अब्दालीच्या बाजूनेच रणभूमीत शिरतो.

हे मला इतके महत्त्वाचे का वाटावे? कारण आपले पानिपतविषयक लेखन प्रायः स्वभावांचे लेखन आहे. भाऊंचा मानीपणा, मल्हाररावांचा कावेबाजपणा, नजीबाचा द्वेष, विश्वासरावांचे रूप, इब्राहिमखान गारद्याचे इमान. बखरकारांची प्रतिभा माणसांवर फुलते. भूमी त्यांच्या लेखी जवळजवळ नसतेच. भाऊसाहेबांची बखर मराठी गद्याचा एक उत्कृष्ट नमुना आहे, आणि तिच्यातील संवादांचा जिवंतपणा पुढच्या किती ऐतिहासिक कादंबऱ्यांनी उसना घेतला याची मोजदाद करणे कठीण. पण तो संवाद कोठे उभे राहून झाला, वारा कोणीकडून होता, पाणी किती लांब होते, हे तिला विचारू नये. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो याच काळातील पत्रांचा. त्या पत्रांत दाणावैरण, कासिदांचा खोळंबा आणि हुंड्या भेटतात. बखरीत स्वभाव भेटतात. त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ग्रंथाचे मोल मला वाटते ते हे, की त्यांनी भूगोलाला पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. कादंबरीकारांनी मात्र बहुधा बखरीचीच वाट धरली, आणि वाचकांनाही तीच आवडली. यात आश्चर्य नाही. दोष माणसाला देता येतो, नदीला देता येत नाही.

पानिपत शहरात शिरलो ते संध्याकाळी. काला अंब दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पाहिला. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर लोखंडी कुंपणात विटांचा एक ठेंगणा स्तंभ आहे. ज्या आंब्याखाली भाऊ लढले असे सांगतात, तो आंबा केव्हाच वाळून गेला. भोवती बाग आहे, आणि १४ जानेवारीस येथे मोठा जनसमुदाय लोटतो. आम्ही गेलो तेव्हा दोन माळी आणि आम्ही नऊ. काकांनी सायकल लावली, टोपी काढली आणि दोन मिनिटे सावधान उभे राहिले. परिचारिकाबाई डोळे पुसत होत्या. मला रडू आले नाही. मला सारखी थंडी जाणवत होती. फेब्रुवारीत, पोटभर नाश्ता करून, लोकरीचे कपडे घालून आलेली मी, आणि मला थंडी जाणवत होती. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेल्यावर दुआबातील रसदेची आशा सरली. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून येणारे धान्य तरी किती दिवस पुरणार? छावणीत लढणाऱ्यांहून न लढणारेच अधिक होते. त्यांत कुरुक्षेत्र आणि गंगा यांच्या आशेने निघालेल्या बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या. काकांनी माझ्या मनातले ओळखल्यासारखे म्हटले, "मॅडम, काल आपण नऊ जणांनी मुरथलला किती पराठे खाल्ले, मोजलेत का? मी मोजले. एकतीस. रसदीचं काम केलेल्या माणसाला मोजायची सवयच लागते."

शहर पाहण्यास मंडळी फारशी उत्सुक नव्हती. पण मी आग्रह धरला आणि कुंजपुऱ्याकडे निघण्यापूर्वी दोन तास मिळवले. बाबराने १५२६ च्या विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद आणि त्याच लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची साधी, उघडी कबर ही ठिकाणे घाईने पाहिली. मला जायचे होते ते बू अली शाह कलंदराच्या दर्ग्यात. तेथे अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. हाली जन्मले पानिपतात १८३७ साली, आणि वारले तेही येथेच, १९१४ साली. १८७९ मध्ये त्यांनी 'मुसद्दस' लिहिला. एका समाजाच्या चढउताराचे, विशेषतः उताराचे, एवढे मोठे काव्य उर्दूत दुसरे नाही. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या दिवाणाला जोडलेला 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' हा उर्दूतील आधुनिक समीक्षेचा आरंभ मानला जातो. मुकद्दमा म्हणजे प्रस्तावना. पाचच वर्षांनी राजवाड्यांनी पानिपतच्या पत्रव्यवहाराला जी प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली, तिने मराठीत इतिहासाची चिकित्सा कशी करावी याचा पायंडा पाडला. ऱ्हासाची मीमांसा करणाऱ्या दोन प्रस्तावना, एक पानिपतच्या माणसाची आणि एक पानिपतविषयी. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. या विभागाच्या वाचकांपैकी कोणी तरुण अभ्यासक हे काम हाती घेईल तर त्याला उर्दू मात्र मुळातून यावी.

कबरीपाशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचे वडील १९४७ मध्ये पश्चिम पंजाबातून निर्वासित म्हणून येथे आले. पानिपतचे मुसलमान विणकर सीमेपलीकडे गेले, पलीकडचे लोक इकडे आले आणि हातमाग पुन्हा चालू झाले. "असली पानीपत तो वो था जी, हमारे लिए," ते म्हणाले. सत्तेचाळीसविषयी बोलत होते. त्यांच्या गणतीत १७६१ नव्हते.

कुंजपुऱ्यास जाताना कर्नालच्या अलीकडे त्या विद्यार्थ्याच्या घरी जेवणाचा थांबा होता. तो रोड समाजाचा. (मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आमच्यातल्या एकाने त्याला आधीच सांगून ठेवले होते, त्याच्या भरदार बांध्याकडे पाहून सारे हसले होते.) पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागांतील हे शेतकरी पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज होत, असे या समाजातील अनेक जण मानतात, कोल्हापूरचे इतिहाससंशोधक वसंतराव मोरे यांनी या मताचा पाठपुरावा केला. इतिहासकारांत यावर एकमत नाही, आणि कागद दाखवा म्हटले तर दाखविण्याजोगे थोडेच निघते. त्या दिवशी मी कागद शोधीत नव्हते. विद्यार्थ्याच्या आजीने, सारे तिला दादी म्हणत, आम्हाला बाजरीची रोटी, सरसोंचे साग आणि ताक वाढले. मग माझ्याजवळ खाट ओढून बसली आणि तिने तिच्या सासऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगितली : लढाईनंतर माणसे ढाकाच्या, म्हणजे पळसाच्या, जंगलात लपली, कोणी विचारले तर गाव सांगायचे नाही, नाव सांगायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते, पुढे त्यांनी जमीन फोडली. तिची गोष्ट येथे संपली. भाऊ नाही, विश्वासराव नाही, अब्दालीही नाही.

गोष्ट खरी की रचलेली, हा निर्णय इतिहासकारांनी करावा. मला तिच्या घडणीने थांबविले. मराठीतील पानिपतची प्रत्येक कथा १४ जानेवारीच्या संध्याकाळी संपते, किंवा फार तर पेशव्यांना पोहोचलेल्या त्या सावकारी पत्रापाशी, जिच्यात माणसांची गणती मोती, मोहरा आणि खुर्दा अशा भाषेत होते. दादीची गोष्ट त्या संध्याकाळनंतर सुरू होते. आपण मेलेल्यांची कथा रचली. जे मेले नाहीत त्यांचे काय झाले, हे विचारायला आपल्याला सवड झाली नाही. नाना फडणिसांचे आत्मवृत्त हा ठळक अपवाद. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, विश्वासरावांच्या वयाचे. तीर्थयात्रेच्या ओढीने आईला घेऊन आलेला हा मुलगा आई हरवून, पायी, लपतछपत रेवाडीपर्यंत गेला आणि वाचला. ते थोडक्या पानांचे गद्य मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचावयास सांगते. त्यात आवेश नाही, तहानभूक आहे.

निघताना दादीने विचारले, "तुम्हारे यहाँ क्या बोते हैं?" काकांनी ज्वारी म्हटले, ती तिला ठाऊक होती. मग पाऊस किती, विहिरी किती खोल, यावर दोघांचे बोलणे बराच वेळ चालले.

कुंजपुऱ्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. १९६१ पासून तेथे सैनिक शाळा आहे. किल्ल्याच्या खुणा शोधण्याआधीच ऊन कलू लागले. यमुना पाहिली. फेब्रुवारीतील यमुना, वाळूच्या पट्ट्यांमधून वाहणारी, सायकल उचलून पलीकडे जावे अशी. हिनेच अडवले होते हे सांगून कोणाला पटले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारात घोंगड्या घेतल्या. पानिपतात देशोदेशीच्या टाकलेल्या लोकरी कपड्यांचे धागे उकलून नवी ब्लँकेटे होतात आणि स्वस्त मिळतात. दुकानदाराने आमच्या हिंदीवरून ओळखले. "महाराष्ट्र से? आपके लोग तो जनवरी में आते हैं." आम्ही उशिरा आलो म्हणून त्याने भाव कमी केला नाही.

साडेसातला दिल्लीकडे वळलो. येताना लक्षात न आलेली गोष्ट आता ध्यानात आली : हिवाळ्यात या रस्त्याने दक्षिणेस जाताना सूर्य समोर असतो, आणि तो फारसा वर चढत नाही. सकाळी डावीकडून, दुपारी थेट डोळ्यांत. मोहरीची शेतेही नुसती पांढरी दिसू लागतात. त्या बुधवारी उपाशी निघालेल्या सैन्याला याच बाजूने वाट फोडायची होती. इब्राहिमखानाच्या तोफा डावीकडे होत्या, शिंदे-होळकर उजवीकडे. तिसऱ्या प्रहरी विश्वासराव पडले तेव्हा ऊन त्यांच्या लोकांच्या तोंडावर असणार. आम्ही टोप्या पुढे ओढल्या आणि खाली पाहत पायडल मारीत राहिलो. समालखा गेले, गन्नौर गेले. मुरथलला काकांनी पुन्हा पराठे मोजले. या वेळी छत्तीस झाले. पुढे एका सायकलीचे पंक्चर काढण्यात पाऊण तास मोडला, तरी पाच वाजता आम्ही काश्मिरी गेटाशी होतो, आणि हरियाणातला तो विद्यार्थी आईला फोन करून सांगत होता, की सगळे सुखरूप पोहोचले.